रविवारचं सासेज

उत्तरा खाटकाच्या दुकानासमोर उभी होती आणि हातातली पिशवी रिकामीच होती. आतून दुकानदारानं विचारलं, "काय देऊ, बाई? खिमा?" तिनं नाकाला पदर लावला, गर्रकन वळली आणि थेट गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

आज रिकाम्या हातानं घरी परत जाऊन चालणार नव्हतं. घरी पाहुणा यायचा होता आणि सासूचा हात प्लॅस्टरमध्ये होता.

तिच्या सासऱ्यांचं, गणपतरावांचं, रविवारचं सासेज म्हणजे नागपूरच्या महाल भागातलं गाजलेलं प्रकरण. लढाईच्या काळात ते कामठीच्या छावणीत मेसचे कारकून होते. तिथं साहेबांसाठी केलेलं सासेज त्यांनी दोन-चारदा चाखलं. पुढं नोकरी सुटली, पण जिभेचा नाद काही सुटला नाही. लग्न झाल्या झाल्या त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना, कृती तोंडीच सांगितली. खिम्यात मसाला कालवायचा, बोटभर लांब वळायचं, आणि बटाटा, वाटाणा, गाजर असं मोसमात मिळेल ते घालून झणझणीत रस्सा करायचा. तेव्हापासून तीस वर्षं एकही रविवार चुकला नव्हता. त्यासाठी मागच्या पडवीत वेगळी चूल होती, भांडी वेगळी होती, आणि रस्सा उतरेपर्यंत पडवीचं दार आतून बंद असे. एरवी घरात सामिष शिजत नसे.

उत्तराचं माहेर काटोलकडचं, महानुभाव पंथाचं. तिनं उपदेश घेतलेला होता. मांसाला शिवणार नाही, हे गुरूंपुढं कबूल केलेलं. लग्न ठरताना गणपतराव मोठ्या मनानं म्हणाले होते, "पोरीनं खाऊ नये, आमचं काही म्हणणं नाही." शिजवण्याचा विषय कोणी काढलाच नव्हता. शिजवायला सासू होती ना! ती चार दिवसांपूर्वी न्हाणीत घसरली.

सकाळी उत्तराचा नवरा मुकुंद म्हणाला होता, "खिमा मी घेऊन येतो, आई."

"तू नको," मनकर्णाबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "बाप्या माणसाले काहीबी बांधून देतात ते. उत्तरा जाईन."

"पण आई, तिचा उपदेश..."

"मले माहीत आहे. उत्तराच जाईन. आणि उत्तरा, दार लावून घेशीन वं. कोणाले आत येऊ देऊ नको."

उत्तराला ते फार लागलं. या घरात तिला आधार वाटायचा तो सासूचाच. त्याच सासूनं आज तिला नेमकं पेचात टाकलं होतं. नाही म्हणावं तर पाहुण्यादेखत सासऱ्यांची मान खाली जाणार, आणि हो म्हणावं तर गुरूंना दिलेला शब्द मोडणार.

पाहुणाही साधासुधा नव्हता. चंद्रभान, छावणीच्या मेसचा जुना खानसामा, तीस-बत्तीस वर्षांनी जबलपूरहून नागपुरात आला होता. "त्याच्या हातचं खाऊनच मले नाद लागला," गणपतराव आठवडाभर सांगत होते. "आता तोच सांगन, सासेज कसं असते!"

गल्लीच्या तोंडाशी उभ्या उभ्या उत्तराला आईचे फुणके आठवले. डाळीचा भरडा भिजवून, मुठीत दाबून वाफवलेले, वरून तेलात परतलेले. तिनं पदर खोचला, किराण्याच्या दुकानातून हरभरा डाळीचा जाडसर भरडा घेतला आणि तडक घर गाठलं.

पडवीचं दार तिनं आतून लावून घेतलं. सासूनं काढून ठेवलेला मसाला तिनं भरड्यात कालवला. उंडे बोटभर लांब वळले, ओल्या कापडाच्या पट्ट्यांत घट्ट गुंडाळून वाफवले, मग तेलात तांबूस होईस्तोवर परतले. रस्स्यात बटाटे, वाटाणे, गाजरं सढळ हातानं टाकली. तर्री वर आली, आणि वास असा सुटला की बाहेर गणपतरावांनी स्वतःच पाट मांडले.

पंगत बसली. उत्तरानं वाढलं आणि दाराआड उभी राहिली.

चंद्रभाननं एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग मान वर करून दाराकडं पाहिलं. उत्तराला वाटलं, आता संपलं.

"गणपतराव," तो हळू म्हणाला, "इतकी वर्षं मेसमध्ये राहिलो, पण असं सासेज माह्या हातून कधी झालं नाही."

गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का गा, मुकुंदा? अगदी तुह्या मायच्या हातचं! रत्तीभर फरक नाही. सूनबाई, अजून आण!"

चंद्रभाननं तीनदा रस्सा मागून घेतला. मुकुंदनं पातेलं भाकरीनं पुसून काढलं. गणपतरावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून रविवारची चूल सुनेची. उत्तराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शब्दही राहिला होता आणि मानही.

बाप्ये बैठकीत आडवे झाले, तेव्हा मात्र तिला राहवेना. सगळ्यांना फसवलं ते फसवलं, सासूला फसवणं तिच्यानं होईना. ती खाटेशी जाऊन बसली.

"आई, मी खोटं वागली. दुकानापर्यंत गेली, पण आत पाय नाही टाकवला. त्यात खिमा नव्हता, डाळ होती."

बैठकीतून गणपतरावांचं घोरणं ऐकू येतंय याची मनकर्णाबाईंनी आधी खात्री करून घेतली. मग प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"दुकानापर्यंत तरी गेली वं तू," त्या म्हणाल्या. "मी तं तीस वर्षांत त्या गल्लीतबी नाही गेली."