कालिना पाणी पीत नाही

पोडलासी प्रांतातल्या कडाक्याच्या थंडीत कालिना घोडीचं पाणी गोठू नये, म्हणून सेवेरिनने लोखंडी हौदात विजेचा रॉड सोडला. त्या दिवसापासून कालिनाने पाण्याला तोंडच लावलं नव्हतं.

"पी गं, माझे आई! पोटशूळ उठून मरशील," सेवेरिन रडकुंडीला आला होता.

"आधी तू पिऊन दाखव तिला!" बायको दारातून ओरडली.

पाणी कोमट आहे हे दाखवायला तो हात पुढे करायचा, आणि दर वेळी कालिना त्याची बाही दातांत धरून त्याला मागे खेचायची. आज वैतागून त्याने हिसडा दिला. बाही फाटली, हात पाण्यात गेला.


विजेच्या झटक्यातून तो शुद्धीवर आला, तेव्हा कालिना दुसरी बाही धरून त्याला बर्फातून हौदापासून लांब ओढत होती.