वायरमनचे वर्ग

दहावीनंतरच्या वाटा दाखवणाऱ्या त्या मेळाव्यात आईच्या चौकशा काही संपेनात. अकरावी केली तर बारावीनंतर सीईटी, डिप्लोमा केला तर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं तिने खोदून खोदून विचारलं. यंदाच दहावी झालेली सुकन्या पार कंटाळली.

आयटीआयच्या टेबलाशी तर आई खुर्ची ओढून बसलीच. "वायरमनचे वर्ग सकाळी असतात की दुपारी?"

"आई, मला नाही व्हायचं वायरमन," सुकन्या कुजबुजली.

"तू जा की अकरावीला." गल्लीभरचे मिक्सर दुरुस्त करून देणारी आई सरांकडे वळली. "दहावी होऊन वीस वर्षं झाली असली, तर चालतं?"

"चालतं. वरची वयोमर्यादा नाही."

सुकन्याने शेजारची खुर्ची ओढली. "सर, मघाचं राहिलंच. वर्ग सकाळी की दुपारी?"