तुझ्या आधी

दुपारचं जेवण झालं तरी पोटातलं बाळ हललं नव्हतं. एरवी रेवती जेवली की ते हमखास लाथा मारायचं. ती गार पाणी प्याली, डाव्या कुशीवर तासभर पडून राहिली. मग तिनं सासूबाईंना सांगितलं.

शेजारच्या काकू हसल्या. "नववा लागलाय. आता आत जागा कुठे असते? शांत होतातच मुलं."

सासूबाईंनी मळत असलेली कणीक तशीच ठेवली, हात धुतले आणि मुलाला हाक मारली. "श्रीरंग, रिक्षा आण. आत्ता."

"आई, उद्या तपासणी आहेच ना तिची?"

"मलाही असंच सांगितलं होतं. मी दोन दिवस थांबले. तुझ्या आधी एक मुलगी होती."

श्रीरंगला हे ठाऊक नव्हतं. तो रिक्षा आणायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले आणि लगेच सिझेरियन केलं. पावणेपाचला मुलगी झाली. वजन कमी भरलं, पण रडली जोरात.

नर्सनं बाळ आजीच्या हातात दिलं, तेव्हा श्रीरंगनं हळूच विचारलं, "आई, त्या मुलीचं काही नाव ठेवलं होतंस?"

"केतकी," त्या लगेच म्हणाल्या. चौतीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.