नॉर्वेतलं तळं

‘कादंबरीत नवरा सापडतो, सिनेमात सुटतो. फरक एवढाच आहे, सर,’ रेश्मा म्हणाली आणि तिने पुस्तक मिटून टीपॉयवर ठेवलं.

महेंद्रला हे पटणं शक्य नव्हतं. संगमनेरच्या त्याच्या घरी दर रविवारी हा अड्डा भरायचा. आधी नॉर्वे-स्वीडनकडची एखादी गुन्हेगारी कादंबरी वाचायची, मग तिच्यावरचा सिनेमा बघायचा आणि चहाबरोबर दोन्हींची चिरफाड करायची. इंग्रजीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या महेंद्रचा या विषयात शेवटचा शब्द असे, निदान त्याच्या स्वतःच्या घरात तरी. आज बाकीची मंडळी लग्नाला गेली होती. आली होती ती एकटी रेश्मा. शेजारच्या अकोले गावात शाळेत शिकवणारी ही धीट मुलगी दिवाळीपासून यायला लागली होती.

या खेपेची गोष्ट साधी होती. नवरा बायकोला मारतो आणि मोटारीसकट तळ्यात बुडवतो. कादंबरीत वीजघरवाले तळ्यातलं पाणी सोडतात. नवऱ्याला चैन पडत नाही, पाणी किती उतरलं ते तो संगणकावर बघतो आणि पोलीस त्याच धाग्याने त्याच्यापर्यंत पोचतात. सिनेमात यातलं काहीच नाही. तळं गोठतं, नवरा काठावर उभा राहून ते डोळे भरून बघतो आणि घरी जातो.

‘सिनेमाच खरा,’ महेंद्र म्हणाला. ‘पाणी कुणाला काही सांगत नसतं. लेखकाला पोलिसांची कीव आली, म्हणून त्याने तो संगणक आणला.’

रेश्माची नजर भिंतीवरच्या सविताच्या फोटोकडे गेली. फोटोला हार नव्हता, कारण ती गेली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. महेंद्रची बायको चार वर्षांपूर्वी पंचमीला माहेरी जाते म्हणून भर पावसात स्कूटीवरून निघाली आणि पोचलीच नाही. ना ती सापडली, ना स्कूटी. बाई कुणाबरोबर तरी गेली, असा निकाल लोकांनीच लावला आणि महेंद्रने तो कधी खोडला नाही. तिकडे सविताची आई अजून दर पंचमीला लेकीच्या वाटणीची पुरणाची दिंडं झाकून ठेवते, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. त्याने विषय बदलला होता.

सविताचं माहेर अकोल्याच्या पलीकडे, धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्न पुण्यात नोंदणी पद्धतीने झालेलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला आग्रहाचं बोलावणं येई, वाण तयार असे, पण उन्हातान्हात त्या आडगावात कोण जाणार? तिच्या मामा-मावश्यांतला एक चेहराही त्याला धड ओळखू आला नसता. धरण त्याने पाहिलं ते पावसाळ्यातच, धबधब्यांच्या दिवसांत. नॉर्वेतलं कुठलं तळं कधी गोठतं हे मात्र तो झोपेतही सांगू शकला असता.

‘आमच्या धरणाचं पाणी सांगतं, सर,’ रेश्मा म्हणाली. मग तिने त्याला गाळपेर म्हणजे काय ते समजावलं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक नांगर घालतात, पीक काढतात. तिचे वडील रंभाजी यांची हयात त्यातच गेली. यंदा कालव्याची आवर्तनं लवकर सुटली, म्हणून डिसेंबरातच पाणी पार खाली गेलंय आणि वडिलांनी कालच नांगर धरला.

‘फाळाला काहीतरी लोखंडी लागलं म्हणे. उद्या दुपारी ट्रॅक्टर लावून ओढणार आहेत.’

महेंद्रने कप खाली ठेवला. कुठल्या बाजूला, त्याने सहज विचारलं. गाळपेर काय, काठाकाठाने सगळीकडेच असतं, एवढंच रेश्मा म्हणाली. मग अंधार पडायच्या आत पोचायला हवं म्हणून ती उठली. पुस्तक टीपॉयवरच राहिलं.

ती गेल्यावर महेंद्रने धरणाचा साठा बघायला मोबाईल हातात घेतला. पुस्तकाकडे बघितलं. मोबाईल बंद करून त्याने कपाटात ठेवला. कादंबरीतल्या नवऱ्याचा गाढवपणा तो करणार नव्हता. सिनेमातल्यासारखं स्वतः जाऊन बघितलेलं बरं.

उजाडता उजाडता त्याने गाडी काढली. अकोलं मागे पडलं. मागे रिकाम्या कॅनचा एक पिकअप बराच वेळ दिसत होता. दुधाचा मुलूख, सकाळची वेळ, त्यात काही नवल नव्हतं. धरणाला वळसा घालणारे दोन रस्ते जिथे फुटतात तिथे तो न थांबता डावीकडे वळला. पुढे जांभळीच्या झाडांपाशी डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागला आणि वाट संपली तिथे गाडी उभी केली. डिकीतली कुदळ घेऊन करवंदीच्या जाळ्यांतून खाली उतरला.

खाली गाळ नव्हता. नांगराची एक रेघ नव्हती. पाणी त्याच्या बुटांना लागत होतं, काठोकाठ भरलेलं, त्या श्रावणात होतं तेवढंच.

मागे पाचोळा वाजला. खांद्यावर घोंगडी घेतलेला एक म्हातारा जाळीतून पुढे आला. त्याच्याशेजारी रेश्मा होती. वर कच्च्या वाटेवर रिकाम्या कॅनचा पिकअप उभा होता आणि त्यातून त्यांच्या पाठोपाठ दोन पोलीस उतरत होते.

‘म्या सविताचा मामा. धोंड्याला येकदा जरी आला असता, तर ठावं असतं तुमाला,’ रंभाजी म्हणाला. ‘हितलं पानी होळी झाल्याबिगर हटत न्हाई.’

मग त्याने काठाकाठाने लांबवर हात फिरवला.

‘येवढा मोठा काठ पडलाय धरनाला, जावईबापू. नेमकं हितंच कसं आलात?’