ड्रमवर लिहिलेलं

“वाच गं,” उज्वला म्हणाली आणि तिनं पदरानं ड्रमवरचं लेबल पुन्हा एकदा पुसलं.

तिची लेक दीक्षा ड्रमपुढे उकिडवी बसली. भंगारवाल्याच्या टेम्पोतून सकाळीच उतरवलेला निळा, तिच्या छातीएवढा ड्रम. गल्लीतल्या तीन घरांनी असे ड्रम घेतले होते. निरम्यानं तीनतीनदा घासूनही आतून उग्र वास येत होता, म्हणून वेणूबाईला शंका आली. वेणूबाई शेजारची, वयानं सगळ्यांत मोठी; तिच्या दारातही असाच एक ड्रम उभा होता. पावणे एमआयडीसीतल्या केमिकलच्या कंपन्यांत झाडू मारण्यात तिचं आयुष्य गेलेलं, तेव्हा कंपनीतून काय काय बाहेर पडतं ते तिला ठाऊक होतं. लेबलवर एक चित्र असावं, पण नेमका तेवढाच भाग कुणीतरी खरवडून काढला होता. उरलेलं सगळं इंग्रजी.

“चार वाजता पानी येईल,” वेणूबाई म्हणाली. “त्याच्या आत कळाय पायजे. नायतर फोटो काढून माझ्या भाच्याला पाठवते. त्यो कंपनीत सुपरवायझर हाय.”

उज्वलाला ते लागलंच. “कशाला मावशी? घरात इंग्लिश मीडियमची आठवी बसलीय, आन् लोकांना काय इचारायचं?”

इंग्लिश मीडियमची आठवी हे खोटं नव्हतं. दीक्षा दरवर्षी पास होत होती, प्रगतिपुस्तकात ए ग्रेड होती, आणि अक्षर असं की बाईंनी वही वर्गभर फिरवावी. फळ्यावरचं ती हुबेहूब उतरवायची. घोकलेलं उत्तर स्वल्पविरामासकट लिहायची. फक्त तिला वाचता येत नव्हतं. हे कुणाला सांगून पटलं नसतं. बाईंनाही नसतं पटलं, कारण साठ पोरांत एकेकाला उभं करून वाचायला लावायला त्यांना सवड कुठली! वर्गातल्या निम्म्या पोरांची हीच गत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, असले आपण एकटेच.

तिनं लेबलवर बोट ठेवलं. पहिली ओळ लांबलचक, कधी न पाहिलेल्या शब्दांची. दुसरीही तशीच. मग तिसऱ्या ओळीत एकदम एक ओळखीचा शब्द भेटला. आईज. शरीराच्या अवयवांच्या तक्त्यावरचा. थोडं पुढे स्किन. मग वॉटर, आणि एक आकडा, पंधरा. जत्रेत आपल्या गावची चार माणसं दिसावीत तसा तिला धीर आला. पण ती चौघं आपसांत काय बोलत होती, ते काही केल्या कळेना.

“मोठ्यानं वाच की,” उज्वला म्हणाली. एव्हाना गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या.

मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीतली क्रांती हेच बोलून बसली होती. इतकी वर्षं जाऊन येत नाही तर जायचंच कशाला, असं म्हणून बापानं तिला दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या कामाला लावलं. आता ती शाळेच्या वेळेलाच डबा घेऊन निघते आणि दीक्षा दिसली की मान खाली घालते. दीक्षाला शाळा हवी होती. काही येत नसलं तरी हवी होती. एक ना एक दिवस येईल, असं तिला अजून वाटत होतं.

“पाण्याचाच ड्रम हाय,” ती म्हणाली. “हे बघा, लिवलंय इथं. वॉटर.”

“आनि ह्ये?” वेणूबाईनं वाकून विचारलं.

“आईज म्हणजे डोळे. स्किन म्हणजे कातडी. ह्यातलं पाणी डोळ्यांना, कातडीला चांगलं असतं.” तिचं बोट आकड्यावर सरकलं. “पंधरा दिवस टिकतं.”

“पंधरा दिवस! बघा बया!”

उज्वलाचा चेहरा फुलून आला. लोकांच्या घरची भांडी घासताना तिनं याच घडीची वाट पाहिली होती. आईला इतकं खूश दीक्षानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून तिला रडूच यायला लागलं.

“शिकलेल्या मानसाचं येगळंच असतंय,” वेणूबाई म्हणाली. “आमी आपलं नुसतं भ्यायचं.”

पाणी आलं. उज्वलानं पाइप ड्रममध्ये सोडला. पाणी चढत गेलं तसा वर बारीक पांढरा फेस धरला. निरम्याचा असंल, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

दीक्षानं आईचा पदर ओढला. “मम्मी, एकदा फोटो पाठवूया का गं? मावशीच्या भाच्याला?”

“आता कशाला?” उज्वला हसली. “तू वाचलंस ना?”

तिनं घरातून स्टीलचा ग्लास आणला, ड्रममध्ये बुडवून काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर लेकीपुढे धरला. “पहिला मान माझ्या दीक्षाचा. तिच्यामुळं कळलं.”

बाया कौतुकानं बघत होत्या. दीक्षानं दोन्ही हातांनी ग्लास घेतला. पहिल्याच घोटाला जीभ चरचरली. ती थांबली नाही. डोळे मिटून तिनं ग्लास रिकामा केला.

“कसं लागतंय गं?” वेणूबाईनं विचारलं.

“गोड,” दीक्षा म्हणाली.

वेणूबाईनं आपल्या दाराकडे वळून सुनेला हाक मारली, “सोड गं पानी ड्रममधी!”