दर्शनी बाग

मुलगा फाटक ढकलून आत आला, तेव्हा आई गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन वाफ्यात पॅन्सीची रोपं लावत होती. थंडी एवढी होती, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आईने मातीने भरलेले हात वर करून त्याला तिथेच थांबवलं. आधी एवढे सहा खड्डे संपवू दे, म्हणाली.

तो बॅग खांद्यावर घेऊन उभा राहिला. बसमध्ये चार तास त्याने एकच वाक्य घोळवलं होतं, की आता हे घर विकू या आणि तू माझ्याकडे राहायला ये. या खेपेला सांगितल्याशिवाय परत यायचं नाही, असं धाकट्या बहिणीने फोनवर बजावलं होतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. आईचे गुडघे बोलत होते. एवढ्या घरात ती एकटीच होती.

पण समोरचं बघून त्याने ते वाक्य बाजूला ठेवलं. भर थंडीत बाग नुसती उजळली होती. पायऱ्यांवर पिवळ्या आणि तांबड्या शेवंतीच्या कुंड्या, फाटकाच्या दोन्ही बाजूंना झेंडू, कुंपणाच्या कडेने पिटुनियाचा पट्टा. बाकाला निळा रंग दिला होता. तो अजून पुरता वाळलाही नव्हता.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं, की शर्टाच्या बाह्या सारून बागेत शिरायचे. पाहुणे आले, की चहाआधी त्यांना एक फेरी ठरलेली. हा माझा गुलाब, ही माझी जाई. मुलाला वाटलं, आईने वडिलांनाच इथे जिवंत ठेवलंय. हिला इथून उपटायचं कसं?

त्या दुपारी त्याने बहिणीला फोन केला. विषय काढायचाच नाही, तिने जीव ओतलाय बागेत, असं सांगितलं. राहू दे तर, बहीण म्हणाली.

रजा चार दिवसांची होती. तो आईच्या हाताखाली राबला. ती सांगेल तशा त्याने गुलाबाच्या वाळक्या काटक्या छाटल्या, मुळांशी पाचोळा पसरला. कोवळ्या रोपांवर संध्याकाळी जुन्या चादरी घालायच्या आणि ऊन आलं की काढायच्या. पाणी सकाळी दहाच्या पुढेच घालायचं, नाहीतर मुळं गारठतात. इस्पितळात रोज लोकांची हाडं बघणाऱ्या या एक्स-रेवाल्याच्या स्वतःच्याच पाठीचा काटा ढिला झाला. आई हसली आणि म्हणाली, अजून तर बादल्या बाकी आहेत.

मागच्या अंगणात मात्र गवत गुडघाभर वाढलं होतं. ते काढू का, असं त्याने विचारलं. तिकडे कोण बघतंय, असं म्हणून आईने त्याला पुन्हा फाटकाजवळ नेलं.

चौथ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्याने मनातलं सांगून टाकलं. मी बदली मागून घेतो, इथे येऊन राहतो, तुला ही बाग कधीच सोडावी लागणार नाही. आईचा हात कपाच्या कानाशी थांबला. ती काही बोलणार, तेवढ्यात फाटक वाजलं.

एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर आणि त्याची बायको आली होती. परवा फोन केला होता तो आम्हीच, घर बघायला आलोय, असं ड्रायव्हर म्हणाला. जन्मभर लोकांच्या बागा गाडीतून मागे जाताना पाहिल्या होत्या, असंही त्याने सांगितलं. आईने दोघांना सगळीकडे फिरवलं. मागचं अंगण दाखवताना तिथे थोडं काम आहे, असं तिने मोकळेपणाने सांगितलं. पण ड्रायव्हरची बायको तोवर निळ्या बाकावर जाऊन बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. जाताना ती दोघं घर घ्यायचं पक्कं करूनच गेली.

मुलगा पायरीवर बसून होता. आई येऊन शेजारी टेकली. घर विकायचं तिने पावसाळ्यातच ठरवलं होतं. हिवाळ्यात बागा ओक्याबोक्या दिसतात, आपली उठून दिसली तर गिऱ्हाईक लवकर येईल, असा तिचा हिशेब होता. तलावाजवळ तिने दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. तिथे कुंडी ठेवायलासुद्धा जागा नाही, हे तिने फार समाधानाने सांगितलं.

"मग आम्हाला बोलली का नाहीस?"

"तुमच्या बाबांची बाग. तुम्हा दोघांना लागलं असतं."

"पण तुझा किती जीव होता हिच्यावर."

आईने नखातली माती काढली. मग ती सावकाश बोलायला लागली, त्यात तक्रार अशी नव्हती. उन्हाळ्यात झाडं जळतील म्हणून ती कधी माहेरी चार दिवसांवर राहिली नव्हती. स्वतःच्या बहिणीच्या मुलीचं लग्नसुद्धा तिने फोटोतच बघितलं.

"जीव त्यांचा होता," ती म्हणाली. "पाहुण्यांना सांगायचे, माझी बाग. ते खोटं नव्हतं. मी नुसती पाणी घालायचे."

आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एक गोष्ट विचारायची राहूनच गेली होती, हे मुलाच्या लक्षात आलं.

"मग तुझं काय होतं, आई?"

आईने थोडा वेळ खरंच विचार केला.

"तेच आता बघायचंय," ती म्हणाली.