मास्तरांच्या हातचं काम

मास्तरांचे चारशे रुपये वाचणार होते. गाडीच्या रेडिएटरचा फुटका पाइप बदलायचा होता. पाइप सहाशेचा, मजुरी चारशे, काम अर्ध्या तासाचं, असं गल्लीतल्या मेकॅनिकने सांगितलं.

"अर्ध्या तासाचे चारशे? घसा कोरडा करून मला अख्ख्या तासाचे एवढे मिळत नाहीत!" म्हणत मास्तरांनी नुसता पाइप विकत घेतला.

रविवारी सकाळी नऊला उघडलेलं बॉनेट दुपारी दोनला मिटलं. तीन बोटं सोलली, शर्ट कामातून गेला, पण पाइप बसला.

"अहो, उद्या सातला आईला ऑपरेशनला न्यायचंय. गाडी वाटेत दगा नाही ना देणार?" बायकोने विचारलं.

"माझ्या हातचं काम आहे," असं सांगून मास्तर जेवले आणि गाढ झोपले.

सोमवारी गाडी जराही तापली नाही. हॉस्पिटलच्या बाकावर मास्तरांनी मेव्हण्याला चारशेचा हिशेब दोनदा ऐकवला.

"मानलं तुम्हाला, दाजी! माझ्याही गाडीचा पाइप गळतोय."

"ये की रविवारी घेऊन."

शेजारी बसलेल्या बायकोने पर्स उघडून आत किती उरलेत ते पाहिलं.



काल मास्तर घोरत असताना तिने मेकॅनिकला सहाशे मोजले होते: पाइप पुन्हा नीट बसवण्याचे चारशे आणि त्यावरचे मास्तरांच्या बोटांचे काळे ठसे न पुसण्याचे दोनशे.